‘होईल सवय’ म्हणतात, ती होत नाही: जंतुनाशकांच्या वासात काम करणाऱ्या नव्या सहकाऱ्यांसाठी

एन्डोस्कोपी (नळी घालून शरीराच्या आतली तपासणी), ओटी (शस्त्रक्रियेची खोली), सीएसएसडी (अवजारं निर्जंतुक करायचा विभाग), डायलिसिस, आयसीयू. यांपैकी कुठेही तुमची पहिली पोस्टिंग लागली असेल, तर आल्या दिवसापासून तुमची अख्खी ड्युटी जंतुनाशकांच्या वासात जाणार आहे. नर्स असा, टेक्निशियन असा, वॉर्डबॉय असा की सफाईच्या मावशी, हवा सगळ्यांची एकच. पहिल्या आठवड्यात डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि कुणीतरी ज्येष्ठ बाई मायेनेच सांगतात, "होईल गं सवय."

मलाही तसंच सांगितलं होतं. सहा वर्षं मी एन्डोस्कोपीत स्कोप, म्हणजे तपासणीच्या नळ्या, धुतले. सवय झाली ती फक्त नाकाला. सातव्या वर्षी रात्री दोन वाजता उशा रचून, टेकून बसून झोपायची वेळ आली. ती सर्दी नव्हे, कामामुळे झालेला दमा आहे, हे कळायला आणखी दीड वर्ष गेलं. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी दम्याच्या दोन वाटा ओळखा

कामाच्या ठिकाणचा दमा दोन वाटांनी येतो. पहिली वाट हळू चालते. स्कोप, अवजारं बुडवायचं ग्लुटराल्डिहाइडसारखं रसायन रोज थोडं थोडं श्वासात जातं. काही आठवडे, काही महिने, कधी कित्येक वर्षं काहीच होत नाही. मग एके दिवशी शरीर त्या रसायनाला ‘ओळखायला’ लागतं. त्यानंतर शेजारच्या माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वाफेनेही तुमच्या श्वासनलिका आवळतात. सवयीच्या नेमकं उलट घडतं. जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

दुसरी वाट एका दिवसाची. कोंदट जागेत क्लोरीनचा किंवा दुसऱ्या एखाद्या तिखट वायूचा भपकारा छातीत गेला की २४ तासांच्या आत खोकला, घुरघुर आणि धाप सुरू होते. कधी कधी ती महिनोन्‌महिने जात नाही.

आधीपासून दमा असलेल्यांचा त्रास कामावर वाढतो, ती गोष्ट निराळी, पण तीही तितकीच खरी आहे. लहानपणी दमा होता किंवा घरात कुणाला आहे, तर रुजू होताना वैद्यकीय तपासणीत ते लपवू नका. नोकरी जाईल या भीतीने मुली लपवतात आणि नेमक्या स्कोपच्या खोलीत जाऊन पडतात.

प्रश्न दम्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या ७३ हजारांहून अधिक नर्सेसची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला जंतुनाशकं हाताळणाऱ्या नर्सेसमध्ये सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं प्रमाण जास्त दिसलं. ग्लुटराल्डिहाइड, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कोहोल यांच्याशी जास्त संबंध येणाऱ्यांत ही वाढ २५ ते ३६ टक्क्यांची होती.

पहिल्याच दिवशी: बाटल्या वाचा

आपल्या विभागात जेवढे कॅन आणि बाटल्या आहेत, त्यांची लेबलं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळे जण नुसतं ‘सायडेक्स’, ‘हायपो’, ‘स्पिरिट’ म्हणतात. आत काय आहे ते लेबलच सांगतं. पुढे कधी डॉक्टरांकडे जावं लागलं, तर हे फोटोच पहिला पुरावा ठरतात.

ग्लुटराल्डिहाइड, साधारण २ टक्क्यांचं, हे या क्षेत्रातलं जुनं आणि नावाजलेलं दमाकारक. पावडर घालून ॲक्टिव्हेट केलं की हिरवट होतं. वास कुजक्या सफरचंदासारखा, नाकात टोचणारा. हवेतली त्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग एवढीच धरतात आणि माणसाच्या नाकाला वास येतो तोही जवळपास तेवढ्यावरच. म्हणजे वास स्पष्ट जाणवतोय तेव्हा तुम्ही मर्यादेच्या काठावर तरी आहात किंवा ती ओलांडली आहे. ब्रिटनमधली रुग्णालयं या रसायनापासून दूर गेली, त्याला वीस वर्षांहून जास्त काळ झाला. आपल्याकडे ते स्वस्त आहे आणि सगळ्यांच्या हातात बसलेलं आहे, म्हणून अजून सर्रास दिसतं.

ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, ज्याला सगळे ओपीए म्हणतात, ते ०.५५ टक्क्यांचं असतं. वास जवळजवळ नसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि झाकण उघडं ठेवतात. त्यानेही दमा झाल्याच्या नोंदी आहेत. हाताला लागलं तर कातडी राखाडी पडते. तो डाग दिसला की समजा, हातमोजा कुठेतरी दगा देतोय.

फरशी आणि पृष्ठभाग पुसायच्या द्रावणांत क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात. लेबलवर ‘बेन्झाल्कोनियम क्लोराइड’ किंवा ‘डायडेसिल’ने सुरू होणारं लांबलचक नाव दिसेल. यांनीही दमा होतो, मात्र संशय यांच्यावर सहसा कुणी घेत नाही. डायलिसिसमध्ये पेरॲसिटिक ॲसिड भेटेल, आंबूस आणि झणझणीत. आणि ओटीत अजूनही फॉर्मलिनची धुरी देणारी ठिकाणं आहेत. फॉर्मलिन दम्याचं कारण आहेच, शिवाय त्यातला फॉर्माल्डिहाइड वायू कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे. ओटी साबण-पाण्याने नीट धुऊन, योग्य द्रावणाने पुसली आणि हवेची व्यवस्था धड असली, तर नेहमीच्या धुरीची गरज उरत नाही. तरीही तुमच्याकडे धुरी होत असेल, तर दार उघडायला पहिलं तुम्ही जाऊ नका. आणि "जरा पाहून ये, वास गेला का" असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा.

दुसरी गोष्ट: ज्याला नको त्याला लावूच नका

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे जंतुनाशक ‘जरा कडक’ केलं की काम चोख झाल्यासारखं वाटतं. वस्तूंचे तीन वर्ग असतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं आठवा. शरीराच्या आतल्या ऊतींत किंवा रक्तात जाणारी, श्लेष्मल त्वचेला (तोंड, अन्ननलिका यांच्या आतल्या ओल्या अस्तराला) लागणारी आणि नुसती कातडीला लागणारी. बीपीचा कफ, स्टेथोस्कोप, सलाईन स्टँड यांना ग्लुटराल्डिहाइड लागत नाही. वाफेत टिकणारं अवजार ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जाऊ शकतं, ते ट्रेमध्ये बुडवून ठेवू नका. व्हरांड्याची फरशी रोज साबण-पाण्यानेच पुसायची. मी शेवटच्या काही वर्षांत ट्रेमध्ये काय काय पडलेलं असतं याची आठवडाभर यादी केली होती. निम्म्या वस्तूंचं तिथे कामच नव्हतं. त्या काढल्या, तसे तीन ट्रे जाऊन एक राहिला.

जो उरला, त्याला झाकण. चपखल बसणारं, फुटकं नको, स्टीलच्या ट्रेवर वर्तमानपत्र टाकणं तर नकोच. झाकण उघडताना तोंड बाजूला करा आणि कड आपल्यापासून दूरची उचला, कुकरच्या वाफेला जसं करतो तसं. स्कोपच्या नळीत सिरिंजने द्रावण भरताना सिरिंजचं आणि नळीचं तोंड द्रावणाच्या खाली ठेवा, म्हणजे तुषार उडत नाहीत. ओतताना उंचावरून धार सोडू नका. ॲक्टिव्हेट करणं आणि जुनं द्रावण टाकणं, या दोन वेळांना सगळ्यांत जास्त वाफ उठते. ही कामं त्या दिवसाच्या रुग्णांची यादी संपल्यावर, खोलीत कमीत कमी माणसं असताना करा.

एक्झॉस्ट पंखा कुठे आहे तेही बघा. तो छताजवळ असेल, तर ट्रेतली वाफ तुमच्या नाकासमोरूनच वर जाते. तो ट्रेच्या मागे, टेबलाच्या उंचीला हवा, म्हणजे वाफ तुमच्यापासून दूर ओढली जाईल. माझ्या खोलीत तो उलटा बसवला होता, बाहेरची हवा आत टाकायचा. पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. टिश्यूचा तुकडा धरून बघा. जाळीला चिकटला पाहिजे.

फवारा मारू नका. हे मी ठामपणे सांगते. स्प्रेच्या बाटलीतून उडणारे बारीक थेंब थेट छातीत खोल जातात. तेच द्रावण फडक्यावर ओतून पुसलं, तर काम तेवढंच होतं आणि श्वासात फार कमी जातं. कोविडच्या काळात अंगावर फवारायचे बोगदे उभे राहिले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच माणसांवर फवारणी करू नये असं सांगितलं होतं. बोगदे गेले, स्प्रेची बाटली मात्र वॉर्डावॉर्डात राहिली.

हायपो: मावशींना शेजारी बसवून समजावून सांगा

सोडियम हायपोक्लोराइट सगळीकडे असतं आणि सगळ्यांत जास्त अपघातही त्याचेच होतात. आधी कॅनवरचा टक्का वाचा. ५ टक्क्यांच्या हायपोपासून १ टक्क्याचं एक लिटर हवं असेल, तर ८०० मिली पाणी आणि २०० मिली हायपो. कॅन १० टक्क्यांचा असेल, तर ९०० आणि १००. आधी पाणी, मग हायपो. पाणी गार. गरम पाण्यात ते लवकर निकामी होतं आणि वासही जास्त मारतं. रोजचं रोज ताजं करायचं, मापाने करायचं. मावशींच्या बादलीवर मार्करने पाण्याची रेघ ओढून द्या आणि हायपोसाठी एक मापी कप बांधून ठेवा. तोंडी सूचनेपेक्षा ती रेघ कैक पटींनी उपयोगी पडते.

संडास धुवायचं ॲसिड आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू निघतो. ‘डबल साफ’ व्हावं म्हणून बंद संडासात दोन्ही ओतणाऱ्या मावशी मी पाहिल्या आहेत. खोकत, डोळे चोळत त्या बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच करतात, कारण कुणी कधी सांगितलेलंच नसतं. लघवी सांडली असेल तर आधी टिपून घ्या, मग हायपो लावा. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन छातीला लागणारी वाफ निघते.

असा भपकारा बसलाच, तर पहिलं काम बाहेर पडायचं. साफसफाई अर्धी राहू द्या, बादली तिथेच राहू द्या. मोकळ्या हवेत जा, भिजलेले कपडे काढा, डोळे वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरा आणि कॅज्युअल्टीत नोंद करून घ्या. "आता बरं वाटतंय" म्हणून नोंद टाळू नका. त्रास काही तासांनी वाढू शकतो, आणि नोंद नसेल तर पुढे कुणी मानत नाही.

मास्कचा भ्रम

सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ सुद्धा नाही. तो धूळ आणि थेंब अडवतो, वायू आरपार जातो. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो, क्लोरीनसाठी वेगळं कार्ट्रिज. ही कार्ट्रिजं संपतात, बदलावी लागतात. हातमोजे नायट्राइलचे घ्या. लेटेक्समधून ग्लुटराल्डिहाइड झिरपतं. गॉगल आणि प्लास्टिकचा ॲप्रन तर हवाच. पण मास्क हा शेवटचा आडोसा आहे. झाकण, हवा आणि कमी वापर हे तीन आधी.

शरीर काय सांगतंय ते ऐका

सुरुवात बहुधा छातीत होत नाही. नाक गळतं, सटासट शिंका येतात, डोळे लाल होतात. मग कोरडा खोकला, बोलताना मध्येच उबळ. जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

फसवणारी गोष्ट अशी की त्रास कामावर असतानाच होईल असं नाही. कित्येकदा तो चार ते आठ तासांनी उमटतो. सकाळची ड्युटी करून तुम्ही तीनला घरी येता आणि रात्री दहाला धाप लागते. मग घरातली धूळ, उदबत्ती, मांजर, थंड पाणी, सगळ्यांवर आळ येतो. माझ्या सासूबाईंनी आमच्याकडे दही बंद केलं होतं.

स्वतःला दोनच प्रश्न विचारा. साप्ताहिक सुट्टीला बरं वाटतं का? आणि मोठ्या रजेत, गणपतीला गावी गेल्यावर किंवा दिवाळीच्या आठवड्यात, त्याहून बरं वाटतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची पायरी आजच सुरू करा. आजार जुना झाला की एका रविवारात छाती मोकळी होत नाही, म्हणून दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पीक फ्लोची वही

श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. प्लास्टिकची नळी, बाजूला आकडे, एक सरकणारा काटा. उभं राहा, काटा शून्यावर आणा, छाती भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि एका झटक्यात, जोरात फुंका. असं तीनदा. वरचे दोन आकडे २० च्या आत जुळले पाहिजेत. तिघांत मोठा असेल तो वहीत लिहा.

दिवसातून कमीत कमी चार वेळा: उठल्यावर, ड्युटीच्या मध्यावर, ड्युटी संपताना आणि झोपताना. दोन-दोन तासांनी जमलं तर उत्तम. असं चार आठवडे सलग, सुट्टीचे दिवस धरून, आणि त्यात एखादी मोठी रजा आली तर फारच चांगलं. नाईट असेल तर घड्याळ न बघता झोप-जाग धरून मोजा. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी काय केलं ते दोन शब्दांत: ‘द्रावण बदललं’, ‘११ स्कोप’, ‘ऑफ’, ‘पंप (इन्हेलर) दोनदा’. या काळात औषधं मनाने कमीजास्त करू नका, नाहीतर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

माझ्या वहीतला एक आठवडा सांगते. सोमवारी उठल्यावर ४००, ड्युटी सुटताना ३६०, रात्री ३१०. शनिवारी सकाळी उठतानाच ३४०. रविवारी रात्री कसाबसा ३६०. आणि गणपतीच्या नऊ दिवसांच्या रजेत सातव्या दिवशी सकाळी ४३०, रात्रीही ४२०. तेच घर, तीच उदबत्ती, तेच दही. बदलली होती ती फक्त हवा. वही बघून डॉक्टर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे आधी का नाही आणलंत?"

डॉक्टरांकडे

छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "डॉक्टर, मी अमुक रसायनात काम करते, रजेत बरं वाटतं." आपण स्वतः रुग्णालयातले असूनही हे सांगायचं विसरतो. वही आणि लेबलांचे फोटो पुढे ठेवा. ते स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी) करतील, इन्हेलर देऊन पुन्हा करतील. श्वास १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलीने सुधारला, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा होतो. रजेवर असताना केलेली स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं होत नाही. म्हणूनच, त्रास गंभीर नसेल तर तपासण्या होईपर्यंत विभाग सोडण्याची घाई करू नका. एकदा लांब गेलात की कामाशी असलेला संबंध सिद्ध करणं अवघड जातं.

‘पंपाची सवय लागते’ हे ऐकून रोजचा इन्हेलर टाळू नका. आराम देणारा पंप वेगळा आणि सूज उतरवणारा रोजचा वेगळा. नुसत्या आरामाच्या पंपावर दिवस ढकलणं धोक्याचं. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा पंप घेऊनही फरक पडत नाही, तर वही बाजूला ठेवा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.

निदान पक्कं झालं तर खरा उपचार त्या रसायनापासून दूर जाणं हाच आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत दूर झालेल्यांना पूर्ण बरं होण्याची संधी सगळ्यांत जास्त असते. उशीर झाला तर दूर जाऊनही दमा मागे राहतो. माझा राहिला आहे.

इन्चार्ज सिस्टरांना सांगताना

तोंडी सांगा, पण लेखीही द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घेऊन ती जपून ठेवा. तक्रारीच्या सुरात लिहायची गरज नाही. तारखा, रसायनाचं नाव, लक्षणं, डॉक्टरांचा सल्ला, एवढं पुरे. एक प्रत इन्फेक्शन कंट्रोल नर्सला द्या, कारण द्रावण कुठलं घ्यायचं हे त्या समितीत ठरतं. स्टोअरमधून त्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. पुरवठादाराकडे ते असतं. मागण्या ठोस ठेवा: झाकणाचे ट्रे, टेबलाच्या उंचीचा एक्झॉस्ट, स्कोप धुण्याचं बंद यंत्र, आणि तुमच्यासाठी अशी पोस्टिंग जिथे ते रसायन वापरात नाही. त्याच मजल्यावर बाजूच्या खोलीत बदली करून भागत नाही, वाफ व्हरांड्यातून येते.

पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल, तर त्यांच्या दवाखान्यात हे कामामुळे झालं आहे असं कागदावर लिहून घ्या. कंत्राटी मावशींचं कार्ड पुष्कळदा ठेकेदाराकडेच पडलेलं असतं. त्यांना ते मागायला लावा, आणि पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.

बदली झाल्यावर वही बंद करू नका. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा दोन-दोन आठवडे आकडे लिहा. नवीन विभागात ते पुन्हा खाली सरकायला लागले, तर तिथल्या कपाटातली लेबलं वाचायला घ्या. तेच रसायन दुसऱ्या नावाच्या बाटलीत मला दोनदा सापडलं आहे.